अस्वलाचा मिटलेला जबडा उघडून मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
शासकीय वस्तुसंग्रहालय (शिकार दालन)

विषय : दुरुस्त केलेल्या अस्वलाचा जबडा पूर्ववत करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या परीक्षकांचा दोष-अहवाल.

महोदय,

माझ्या सासुरवाडीला शौर्याची थोर परंपरा आहे. ती सासऱ्यांनी तरुणपणी मारलेल्या एका अस्वलापाशी सुरू होते व तिथेच संपते. पेंढा भरलेले ते अस्वल आपल्या दालनात ठेवायला दिलेले आहे.

१. अस्वलाच्या ओठाची शिवण उसवून आतला पेंढा मिशीसारखा लोंबत होता. वाढदिवसाला सासरे खूश व्हावेत म्हणून दुरुस्तीची मागणी मीच केली. या सद्‌हेतूची शिक्षा मी भोगत आहे.

२. आपले परीक्षक शिवणीवर थांबले नाहीत. कान सुकून मुडपलेले, जीभ प्लास्टरची व फाजील लांब, जबडा निसर्गाला अमान्य इतका फाकलेला, असे दोष त्यांनी काढले. ते खरेच असणार. परंतु त्यांनी जबडा मिटवून टाकला. मागच्या पायांवर उभे, एक पंजा वर आणि तोंड बंद, अशा स्थितीत अस्वल हल्ला करत नसून बस थांबवत आहे असे वाटते.

३. "माझा हात कोपरापर्यंत त्याच्या तोंडात होता," असे सासरे आजवर सांगत आले. वाढदिवशी सगळे दालनात गेलो. सासूबाई निरखून म्हणाल्या, "अहो, यात चमचा तरी जाईल का?" मेहुणा हसला. त्याला हसणे परवडते. तो दुसऱ्या गावी राहतो.

४. त्या संध्याकाळपासून सासरे बॅगेसह माझ्याकडे आहेत. "जावईबापू, जबडा उघडेपर्यंत मी इथून हलत नाही," असे त्यांनी जाहीर केले आहे. माझी खुर्ची व उशी त्यांच्या ताब्यात गेली. कुरियरवाल्यालासुद्धा ते शिकारीची हकिकत सांगतात. त्या वेळी हात वर करून, आ वासून मला दारात उभे राहावे लागते. माझा जबडा संग्रहालयातल्यापेक्षा बरा उघडतो, असे पत्नीचे मत आहे.

तरी, शास्त्र थोडे बाजूला सारून, कोपर मावेल इतका जबडा उघडावा व माझे घर मला परत मिळवून द्यावे, ही विनंती.

आपल्या दयेवर विसंबून,
एक जावई
दिनांक : मुक्कामाचा दुसरा महिना

ता.क. : "कोणतं अस्वल ते लिहा," असे आपल्या लिपिकाने खिडकीवर सांगितले. दालनात अस्वले चार आहेत. चारही उभी, आणि परीक्षकांच्या कृपेने चारहींची तोंडे आता मिटलेली. सासऱ्यांना आत नेऊन विचारले. त्यांनी आधी एक दाखवले, मग दुसरे.