घर बंद, स्थलांतरित

बाई, तुम्ही पहिल्यांदा आमच्या कचेरीत आलात तेव्हा मी तुम्हाला ओळख दाखवली नाही. खिडकीपुढे दाखल्यांची रांग होती आणि त्या रांगेत तुम्ही छत्री काखेत धरून उभ्या होतात, पापडीहून एसटीनं आलेल्या, घामेजलेल्या. शाळेतून निवृत्त होऊन तुम्हाला बरीच वर्षं झाली होती, तरी उभं राहणं तेच, प्रार्थनेच्या वेळी वर्गापुढे उभ्या असायचात तसं. मी मान खाली घालून शिक्के मारत राहिले. मग तुमचा नंबर आला आणि तुम्ही विचारलंत, "मतदार यादीचं टेबल कुठलं?" मी म्हटलं, "हेच." तुम्ही चष्म्यातून निरखून पाहिलंत. "अगं, तू? इथे? बरं झालं. आपलं माणूस भेटलं." मला ओळख द्यायची नव्हती आणि तुम्हाला मात्र हायसं वाटलं होतं, हे मला अजून सोसत नाही.

तुमच्यासोबत जूचंद्रच्या पलीकडच्या मिठागर वस्तीतली एक म्हातारी होती. नव्या यादीतून त्या वस्तीतली सगळी नावं गेली होती. एक-दोन घरं नव्हे, अख्खी वस्ती. निवडणूक तोंडावर होती. नोकरीत असताना यादीच्या कामाला तुम्हीच त्या वस्तीत घरोघर फिरला होतात, त्यांची नावं पहिल्यांदा तुमच्याच हातानं यादीत चढली होती, म्हणून ती माणसं तुमच्याकडे आली. माहितीचा अधिकार तेव्हा नवा होता, आम्हा कचेरीतल्या लोकांनाही तो नीटसा ठाऊक नव्हता. तुम्ही मात्र स्टँप लावलेला अर्ज पुढे केलात. नावं कोणाच्या अहवालावरून वगळली, जागेवर पाहणी कोणी केली, पंच कोण, ते सगळे कागद तुम्हाला पाहायचे होते. म्हातारी खिडकीचा गज धरून म्हणाली, "मी आथंच हाय. माजी सासू आथंच मेली. मंग माजा नाव कोनी काढला?"

मी अर्जाची पोच दिली. ते कागद माझ्या पाठीमागच्या कपाटात होते, बाई. आणि ते मीच लिहिलेले होते.

मी नोकरीला लागून जेमतेम काही महिने झाले होते. वडील त्याच कचेरीत होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. माझी फाईल पुढे सरकवली ती आमच्या अव्वल कारकुनांनी, म्हणजे शाखेच्या मोठ्या बाबूंनी. ते वडिलांचे मित्र, घरी येणारे-जाणारे, आईला वहिनी म्हणणारे. एका दुपारी वीज गेलेली, फायलीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत त्यांनी मला कोरे नमुने दिले आणि नावं सांगायला लागले. "प्रत्येकापुढे लिही, घर बंद, स्थलांतरित. खाली लिही, समक्ष पाहिले." मी विचारलं, "आपण कधी गेलो होतो?" ते हसले. "ती वस्ती उठायचीच आहे, बाळा. वरून निरोप आहे. कचेरीत असंच असतं." मी लिहीत गेले. चहा आला, चहा प्यायले, पुन्हा लिहिलं. नंतर पंचांच्या जागी अंगठे कुणाचे उमटले मला माहीत नाही. खरं तर मी विचारलंच नाही.

तुमचा अर्ज आला तेव्हा मोठे बाबू म्हणाले, "अभिलेख आढळून येत नाही, असं कळवून टाक." तेही मीच लिहिलं. घरी आई नुकती आजारातून उठत होती, धाकटा भाऊ शिकत होता, आणि ज्या माणसानं मला त्या खुर्चीत बसवलं तो समोर उभा होता. ही सबब नाही. त्या वेळी मनात जे होतं ते सांगतेय.

चौथ्या दिवशी तुम्ही ते उत्तर हातात घेऊन आलात. रांगेत उभ्या राहिला नाहीत, सरळ माझ्या टेबलापाशी आलात. कागद माझ्यापुढे ठेवून बोट टेकवलंत. "हे अक्षर मी शिकवलंय. हे वाक्य कुणी शिकवलं?" आवाज चढलेला नव्हता. शेजारच्या टेबलावरची माणसं तरीही वळून पाहू लागली. मी म्हटलं, "बाई, शोध चालू आहे." तुम्ही म्हणालात, "चालू दे. मी येत राहीन." आणि येत राहिलात. कधी बारा वाजता, कधी जेवणाच्या सुट्टीत, एकदा तर ताप असताना. प्रत्येक वेळी मी जिन्यावरची तुमची पावलं ओळखायची. मला भीती नोकरीची होती, हे खरंच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. कागद तुमच्या हातात पडले तर जगात दुसऱ्या कुणालाही कळणार नाही ते तुम्हाला पहिल्या ओळीतच कळणार होतं.

तुम्ही अपील केलंत. सुनावणीच्या दिवशी मी तुमच्यासमोरच्या बाकावर बसलेय. मोठे बाबू अपील ऐकणाऱ्या आमच्या साहेबांना सांगताहेत, दप्तर हलवताना फाईल कुठेतरी गेली असावी, शोध सुरू आहे. साहेब वयानं तरुण, कपाळाला आठी. ते विचारतात, "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" मी उभी राहते. "माझ्याकडे." "मग तुम्ही सांगा. फाईल आहे की नाही?" बाबू माझ्याकडे बघताहेत. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, खिडकीबाहेर बघताय, जणू मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. पंखा फिरतोय. साहेब म्हणतात, "नाहीतर मी शिपाई पाठवून आत्ता कपाट उघडवतो." तेव्हा मी म्हणते, "आहे, साहेब." धैर्य मला आलं नव्हतं, बाई. पळायला वाट उरली नव्हती, एवढंच.

साहेबांनी आदेश दिला की अर्जदारांना सगळे कागद दाखवावेत. दोन दिवसांनी तुम्ही आणि ती म्हातारी माझ्या टेबलासमोर बसलात आणि मी फाईल उघडून तुमच्यापुढे सरकवली. तुम्ही पहिलं पान उलटलंत. दुसरं. मग थांबलात. चष्मा काढलात, पदरानं पुसलात, पुन्हा लावलात. म्हातारीला वाचता येत नव्हतं, ती तुमच्या तोंडाकडे बघत होती. "काय लिवलंय, बाय?" तुम्ही वाचून दाखवलंत, "घर बंद, स्थलांतरित." ती म्हणाली, "बंद? आमच्या घराला दार तरी कवा व्हता?" तुम्ही हसला नाहीत. मग मान वर करून मला विचारलंत, "तू गेली होतीस तिथे?"

त्या क्षणी मला सहावीचा वर्ग आठवला. किल्ल्याची सहल गेली तेव्हा मी तापानं घरी होते आणि मैत्रिणींकडून ऐकून मी सहलीवर निबंध लिहिला होता. तुम्हाला तो आवडला होता, तरी तुम्ही शून्य दिलंत आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "पाहिलं नसेल तर ऐकलं असं लिहावं. त्यात कमीपणा नाही." मी रडले. पुढच्या रविवारी चर्चहून परतताना तुम्ही आमच्या घरी आलात, आईची परवानगी घेतलीत आणि मला एकटीला किल्ला दाखवायला घेऊन गेलात. केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी, दिलीत, बुरुजावर बसून आपण ती खाल्ली. नंतर मी तो निबंध पुन्हा लिहिला होता. तो चांगला झाला नव्हता. पहिलाच जास्त चांगला होता आणि तुम्ही तसं कबूलही केलं होतंत.

"नाही, बाई," मी म्हटलं. "गेले नव्हते."

मला वाटलं, आता तुम्ही उठाल, साहेबांकडे जाल, म्हणाल ही माझी विद्यार्थिनी, हे तिचं अक्षर. मी त्याची तयारीही केली होती, घरून निघताना आईच्या पाया पडून निघाले होते. तुम्ही पान उलटलंत. संध्याकाळपर्यंत एकेक नाव वहीत उतरवून घेतलंत, कारण कचेरीतलं झेरॉक्स मशीन त्या दिवशी नेमकं बंद होतं. उठताना फक्त एवढंच म्हणालात, "मग आता जा."

साहेबांनी नव्यानं पाहणी लावली तेव्हा ते काम मी मागून घेतलं. मोठे बाबू त्यानंतर माझ्याशी कधीच बोलले नाहीत. मिठागराच्या बांधावरून तुम्ही पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंना उन्हात पांढरे ढीग, पायाखाली भेगाळलेली खारट माती. पहिल्याच झोपडीत माणसं जेवत होती. मी यादीतलं नाव वाचलं, एक बाप्या हातातला घास खाली ठेवून उठला, "हां, मीच." पुढच्या घरी दोन पोरं आणि त्यांची आजी. त्यापुढच्या घरी एक बाई तांब्या घेऊन आली, "पानी प्या मॅडम, लांबून आल्याव." मी प्यायले. ज्यांना मी तिथून उठवून कुठेतरी पाठवून दिलं होतं ती माणसं मला पाणी देत होती आणि माझं नाव विचारत होती. तिसऱ्या का चौथ्या घरानंतर मला लिहिता येईना, तेव्हा तुम्ही वही माझ्या हातातून घेतलीत. थोड्या वेळानं परत दिलीत. "तूच लिही."

पुरवणी यादीत बहुतेक नावं परत आली. दोघं म्हातारे मधल्या काळात वारले होते, त्यांची तेवढी राहिली. मतदानाच्या दिवशी ती म्हातारी शाई लावलेलं बोट दाखवायला कचेरीच्या दारापर्यंत आली होती. तुमच्या अंतिम तक्रारीची प्रत मी नंतर फाईलला लावली. तुम्ही लिहिलं होतं, "अहवाल कार्यालयात बसून तयार केलेला दिसतो. तो कोणाच्या सांगण्यावरून झाला याची चौकशी व्हावी." लिहिणाऱ्या हाताबद्दल एक शब्द नाही. मोठ्या बाबूंची बदली झाली. मला कुणीच काही विचारलं नाही. तुम्ही मला वाचवलंत की हे माझं मीच सांगावं म्हणून जागा ठेवलीत, हे मी तुम्हाला विचारणार होते. पापडीला यायचं ठरवत राहिले. मग तुम्ही गेल्याचं कळलं. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले आणि सगळ्यांच्या आधी निघाले.

आता मीही स्वेच्छानिवृत्ती घेतलीय. हल्ली काही मुलंमुली संगणकावर जुन्या-नव्या याद्या लावून कोणाची नावं कुठे गायब झाली ते शोधतात, कचेऱ्यांतून कागद मागतात. अर्ज कसा लिहायचा, उत्तर टाळलं तर पुढे काय करायचं, हे सांगायला मला बोलावतात. मी जाते, मनापासून शिकवते. सुरुवातीला त्यांच्यातलं कुणीतरी माझी ओळख करून देतं, की या मॅडमनी नोकरी पणाला लावून वस्तीची फाईल बाहेर काढली. टाळ्या वाजतात. बाई, मी त्यांना अजून एकदाही थांबवलेलं नाही.