डाव्या पिंजऱ्यांचं औषध

१४ जानेवारी, मंगळवार

काल सकाळी नागऱ्याच्या महादेवाला पाणी घातलं, तिथून थेट कॉलेजात आलो, उंदीरघराचं कुलूप काढलं आणि करायचं नव्हतं तेच केलं – डाव्या पिंजऱ्यांनाही ब्राह्मीचा अर्क पाजला!

कटरे सरांचा प्रयोग असा. चोवीस उंदीर. उजवीकडच्या बारांना दोन आठवडे अर्क, डावीकडच्या बारांना नुसतं पाणी. मग सगळ्यांच्याच मेंदूचं रक्त थोडा वेळ अडवायचं – म्हणजे लकवा! रक्त अडलं की मेंदू गंजतो म्हणे, लोखंडासारखा. ब्राह्मी तो गंज थांबवते का, ते बघायचं. पाजायचं काम माझं.

सरांना त्यांचा चष्मा रोज मीच शोधून देतो. अर्काची गरज नक्की कोणाला, ते लिहीत नाही.

आमच्या गावच्या पंगतीत एकाला बुंदी आणि शेजारच्याला नुसतं पाणी वाढलं, तर वाढप्याला हाकलतील. इथे त्याला विज्ञान म्हणतात.

१९ जानेवारी

रविवार. उंदरांना सुट्टी नाही, म्हणून मलाही नाही. बाटलीत अर्क उरतोच. सगळ्यांना पाजला.

२९ जानेवारी

चोवीसही गेले. लकव्यानंतर मेंदू काढून तपासायचा असतो म्हणे. कॉलेजच्या बागेतल्या माळीकामावरून मला इकडे आणून तीन महिने झाले – हे कोणी सांगितलंच नाही! माझी पंगत चांगलीच पार पडली.

१२ फेब्रुवारी

निकाल आला. डावे-उजवे सारखेच!

"ये तो कचरा निकला!" सर ओरडले. मग दार लोटून घेऊन गुंजनला म्हणाले, "डावीकडचे आकडे जरा बिघडव. किसको पता चलेगा?"

गुंजन सौंदडची. तिची एम.फार्म. याच प्रयोगावर आहे. दाराच्या फटीतून दिसली – मान खाली, पण आवाज ठाम – "मी खोटं नाही लिहिणार, सर."

"मग जा सौंदडला, धान रोव!"

बाहेर येऊन मला म्हणाली, "भाऊ, माह्यं का चुकलं जी?"

मी झाडू मारत राहिलो. देवभोळा माणूस!

१४ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. रुख्मा भाजी चिरता चिरता थांबली.

"उंदरायवर दया केली, आन् त्या पोरीचं वाटोळं करून राहिले? सांगून काऊन नाही टाकत?"

"नोकरी जाईल."

"मंग महादेवाले कोणत्या तोंडानं पाणी घालता?"

ब्राह्मी कामाची की बिनकामाची, तेही आता कोणाला कळणार नाही. उद्या कोणाच्या घरी लकवा झाला आणि हे औषध खरंच कामाचं असलं तर? सर आकडे बिघडवायला निघाले म्हणून मी हसत होतो. मी तर ते आधीच बिघडवून बसलोय – तेही पुण्य समजून!

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्राचार्यांना आज सगळं लिहून दिलं, तारखांसकट. खाली सही केली. उंदीरघराची किल्ली त्यांनी मागितली नव्हती. मीच टेबलावर ठेवली.