अंगठ्याखालची पुट्टी

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. दोन महिने तुझं पत्र नाही म्हणून चांगली खरडपट्टी काढणार होते, पण तुझ्याकडेच काम पडलंय, तेव्हा राग पुढच्या पत्रासाठी राखून ठेवते.

तुझ्या भावोजींनी एक जुनी पिकअप घेतली. कपाटं, दारं डोंगराखालच्या बाजारात पोचवायला दर वेळी दुसऱ्याच्या गाडीची वाट बघायची आणि उतरवताना त्याने कपाटावर ओरखडा काढायचा, याला हे कंटाळले होते. इंजिन बरं आहे. रूप मात्र विचारू नकोस. काळा रंग उडून राखेसारखा झालाय, एक दार निळं, बॉनेटवर नुसता प्रायमर. ठमी तिला आजोबा म्हणते आणि शाळेतून आली की हॉर्न वाजवून तब्येत विचारते.

खरं सांगू? मला त्या गाडीची भीती वाटते. रविवारी तिघं रिकाम्या गाडीतून उतारावर फेरी मारून आलो. तिसऱ्या वळणाला मागून कुरकुर ऐकू आली. हे म्हणाले, जुनी हाडं आहेत, वाजणारच. एखाद्या मेकॅनिकला खालून बघायला सांगू, असंही म्हणाले. मी ठमीला मांडीवर घट्ट धरून बसले होते. ती म्हणे, आई, मला श्वास घेऊ दे.

तर आता रंगाचं सांग, गाड्या रंगवणं तुझं रोजचं काम. चकाकी नको, स्वस्तातला साधा काळा हवा. लावणार मीच. बाबांच्या गॅरेजात तुझ्याआधी पॉलिश पेपर मी हातात धरलाय, हे विसरू नकोस.

मायेची ठेव तशीच आहे, अधूनमधून विचारपूस करत जा.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. राखून ठेवलेला राग कृपा करून राखूनच ठेव.

लोखंडी फाटकांना लावतात तो मॅट काळा घे. स्वस्त असतो, रोलरनेही लागतो. एकदम जाड थर देऊ नकोस, तीन पातळ दे. पण त्याआधी गंज मुळापर्यंत खरवड. तिथे तुझा आळस नडतो. बाबांची स्कूटर तू वरवर घासली होतीस, त्याचा मार मी खाल्ला. खरवडून झालं की थिनरच्या फडक्याने पूस आणि त्याच दिवशी लाल प्रायमर दे.

आणि प्रायमर दिला म्हणून काम झालं असं समजू नकोस. बरेच लोक गाडी तशीच फिरवतात, छान दिसते म्हणतात. प्रायमर उघडा राहिला की पाणी पितो. वरून कोरडा, आत गंज सुरू. म्हणून आठवड्याच्या आत वर काळा आलाच पाहिजे.

मॅटचा एक फायदा सांगतो. चकाकणाऱ्या रंगात पत्र्यावरचा प्रत्येक पोचा दिसतो. मॅट काळा सगळं पोटात घालतो. हात मात्र लावू नका, बोटांचे तेलकट डाग उठतात. हे ठमीला आधी सांग.

कुरकुरीचं एवढं मनावर घेऊ नकोस. तू जत्रेतल्या पाळण्यालाही घाबरायचीस.

भावोजींना नमस्कार, ठमीला एक पापा. माझ्यावर मर्जी असू द्या.

तुझा,
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. बस आधी खाली, मगच वाच.

चार दिवस खरवडतेय. खांदे गेले कामातून. काल ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा घासायला घेतला. वरचा काळा गेला, त्याखालचा लाल प्रायमर गेला, आणि खाली पुट्टीत दाबलेल्या अंगठ्याचा ठसा निघाला! मधोमध तिरका व्रण असलेला. तो व्रण मी ओळखणार नाही? रंगाच्या डब्याचं झाकण मीच तर तुझ्या बोटावर आपटलं होतं.

मला तर रडूच फुटलं. हे धावत आले, त्यांना वाटलं मला काही लागलं. मग त्यांना सगळं सांगितलं. बाबा प्रत्येक गाडीला अंगठा देत नसत. ज्या गाडीत आपल्या दोन पोरांना बिनधास्त बसवता येईल, तिच्याच पुट्टीत, कुणाला दिसणार नाही अशा जागी तो दाबायचा, हा त्यांचा नेम. तू तो पाळतोयस, हे बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आजोबा आपल्या घरातलाच निघाला की!

भीती पार पळाली बघ. हे मेकॅनिकला बोलावणार होते. मी म्हटलं, माझ्या भावाचा अंगठा आहे, आता खाली वाकून बघायची गरज नाही. हे नुसते गाडीभोवती फिरत राहिले.

येत्या सोमवारी, सव्वीसला, पहिली खेप. तीन कपाटं मागे आणि आम्ही तिघं पुढे. ठमीला शाळेला सुट्टी आहे, ती बाजार बघायला नाचतेय.

तुझी माया अशीच आमच्या पाठीशी राहो.

तुझी,
ताई

शनिवार, २४ फेब्रुवारी

ताई,

गाडी काढू नका. पुढचं वाचण्याआधी जाऊन ह्या ओळी भावोजींना दाखव. गाडी काढू नका.

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. लाकडाच्या वखारीत तुमचा निरोप घेतात, तिथे चार वेळा फोन लावला. घंटा वाजते, कुणी उचलत नाही. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. उद्या सकाळी तो तुमच्याकडे पोचेल.

ती गाडी माझ्या हातून गेली आहे. तीन वर्षं झाली. मागच्या डाव्या चाकावर गाडीचा खालचा सांगाडा, चासी, वळते ना, तिथलं लोखंड गंजाने खाल्लेलं होतं. बोट आरपार जात होतं. मी तिथे तारेची जाळी ठेवली, पुट्टी भरली, लाल प्रायमर दिला आणि वर मॅट काळा मारला. दलालाने तेवढंच करायला सांगितलं होतं. गाडी एका जागी उभी करून कुणी तिच्यात दुकान लावणार आहे, असं तो म्हणाला. मला ते खरं वाटलं नव्हतं.

अंगठाही त्यानेच मागितला. म्हणाला, सीटखालचा तुझा अंगठा दाखवला की गिऱ्हाईक खाली वाकत नाही. मी दिला, त्यावर रंग न लावता; ते थर नंतर कुणीतरी चढवले असतील. त्या दिवसानंतर एकाही गाडीला दिलेला नाही, पण हे सांगून आता काय उपयोग?

ती कुरकुर हाडांची नाही. वजन पडलं आणि वळण आलं की तिथे चासी मोडेल. तुझ्या पत्रातलं तीन कपाटं हे मी किती वेळा वाचलं असेन.

धाकटा

सोमवार, २६ फेब्रुवारी

ताई,

ड्रायव्हर परत आला. म्हणतो, रविवारी सकाळी तुमच्या दाराला कुलूप होतं आणि अंगणात पिकअप नव्हती. पत्र त्याने दाराखालून आत सरकवलं.

पिकअप नव्हती म्हणजे काय? तू तर सोमवार म्हणाली होतीस. मी त्याला तीनतीनदा विचारलं, काळी होती का, शेजारच्या घरामागे तर नव्हती? तो वैतागून निघून गेला.

दहाला वखारीत फोन लागला. नोकर म्हणाला, कपाटंवाले सुतार दोन दिवस दिसले नाहीत.

पिशवी भरून स्टँडवर गेलो. बस लागली, माणसं चढली, मी चढलो नाही. शनिवारीही तसंच झालं, पत्र देऊन मागे फिरलो. शनिवारी तुझ्या तोंडाची भीती वाटली. आज वेगळीच वाटते. इथे बसून आहे तोवर तुम्ही तिघं आहात. तिथे येऊन दार उघडलं आणि नसलात तर?

एक ओळ पाठव. शिव्या दे, पण तुझ्या हातच्या दे.

धाकटा

सोमवार, २६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. मी बोलायला कमी आणि लिहायला त्याहून कमी, तेव्हा थोडक्यात. आम्ही तिघं नीट आहोत.

अंगठा निघाला त्या दिवशी तुझी ताई इतकी खुशीत होती की मला काही बोलवेना. पण सुताराचा हात आहे, ठोकून बघितल्याशिवाय राहत नाही. चासीवर लाकडी हातोडी मारत गेलो. डाव्या चाकावर वाळवी लागलेल्या फळीसारखा बोदा आवाज आला. पटाशी लावली तर जाळीच हातात आली. वर काळा फासून ठेवला आणि गप्प बसलो. सोमवारच्या आत काहीतरी सबब काढायचीच होती.

रविवारी मागे कठडा बसवून आणतो म्हणून ठमीला घेऊन, बैलगाडीच्या चालीने, कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे गेलो. त्याने कुजलेलं कापून दोन्ही बाजूंनी जाड पट्टी जोडली आहे. मी स्वतः ठोकून पाहिली.

तू स्वतः लिहिशील का, याची मी वाट बघत होतो. लिहिलंस, हे चांगलं केलंस. बाकी तुझी ताई लिहील.

भावोजी

बुधवार, २८ फेब्रुवारी

धाकट्या,

ह्यांचं पत्र सोमवारीच लिहून झालं होतं. मीच ते पेटीत टाकू दिलं नाही. हे म्हणाले, पोरगं तिकडे जीव मुठीत धरून बसलं असेल. मी म्हटलं, बसू दे दोन दिवस. मला त्याची लाज वाटत नाही.

का, ते ऐक. रविवारी सकाळी मी शेजारच्या गल्लीत शिवणाचं माप घ्यायला गेले होते. परत आले, कुलूप काढलं, तर पायाखाली तुझं पत्र. पहिली ओळ वाचली आणि अंगणाकडे बघितलं. गाडी नाही. हे नाहीत, ठमी नाही. पिशवी तिथेच टाकून मी उताराकडे धावले, पायात चपलाही नव्हत्या. पहिल्या वळणाशी दम संपला. कठड्याला धरून खाली बघत होते, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती, की खाली वाकू नका असं मीच ह्यांना सांगितलं होतं. तुझ्या अंगठ्याच्या भरवशावर.

परत फिरले, तर दोघं कोपऱ्यावरच्या वेल्डरच्या ओट्यावर बसली होती. ठमी बिस्किट खात होती. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला सोडेचना.

तुझं सोमवारचं पत्रही बसवाल्याने आज आणून दिलं. ज्या बसने पत्र येतं, त्या बसने माणूसही येतो, हे तुला कळत नव्हतं? तू तिथे बसून आम्हाला जिवंत ठेवत होतास म्हणे! शहाणाच आहेस.

अंगठा तसाच आहे. हे पटाशीने काढून टाकणार होते, मी नको म्हटलं. तो तू काढायचा, ठमीसमोर, आणि का काढतोस ते तिला सांगायचं. तिने विचारलंय, मामाचा अंगठा खोटा असतो का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

नव्या पट्टीवर काल लाल प्रायमर दिलाय. वर काळा मी मारणार नाही. प्रायमर आठवड्याच्या वर उघडा राहिला की पाणी पितो, असं मला एका रंगाऱ्याने लिहिलं होतं. आज दुसरा दिवस आहे. येताना चांगला ब्रश घेऊन ये, इथले केस गाळतात.

आशीर्वाद आल्यावर देईन.

ताई