दादाच्या जागी किटली

तिआनजिन, ५ मार्च १९३४

ती. छांगशुनदादा यांस,
सानबाओचे दोन्ही कान धरून नमस्कार, वि. वि.

तू चालू कार्यक्रमातून तडक बाओडिंगला गेलास, हातातला घडीचा पंखासुद्धा टेबलावरच राहिला. पण चूक माझ्या एकट्याची कशी? पाच वर्षं रोज चहाघराच्या मंचावर आपण हेच करतोय. मी तुझ्या नावानं वाट्टेल त्या थापा मारायच्या, तू शेजारी उभं राहून 'अस्सं?' म्हणायचं, आणि लोकांनी तोंडातल्या सूर्यफुलाच्या बिया सांडेस्तोवर हसायचं. तुला तीन बायका नि सात पोरं आहेत हे अख्ख्या चहाघराला पाठ आहे. पहिल्या टेबलावरचे टोपीवाले गृहस्थ तुझे होणारे सासरे, ते तुला बघायला आलेत, हे मला कुणी सांगायचं? त्यांनी उभं राहून धाकट्या पोराचं वय विचारलं, मी दीड वर्ष सांगितलं. त्यावरही तू सवयीनं 'अस्सं?' म्हणालासच की!

मालक म्हणतात, एकटा उभा राहिलास तर हाकलीन. म्हणून तुझ्या जागी चहाची मोठी किटली शेगडीवर मांडलीय. बरी फुसफुसते.

जुना लोभ थोडा उरला असेल तर ये.
तुझा नालायक,
सानबाओ

बाओडिंग, ११ मार्च

चि. सानबाओ,
आशीर्वाद तूर्त राखून ठेवलाय, वि. वि.

रोज होणाऱ्या सासऱ्यांच्या, शीसाहेबांच्या, लोणच्याच्या दुकानात जातो, मी बिनलग्नाचा आहे म्हणून सांगतो. ते शांतपणे विचारतात, मग सात पोरं सांभाळतं कोण? त्यांची मुलगी युएछिन पडद्यामागं हसून बेजार होते, पण या माणसाला जन्मात कुणी थाप मारलेली नाही. मी चौतिशीचा झालो, सानबाओ. हे मोडलं तर तुला वहिनी मिळत नाही, समजून चाल.

आणि किटली? वाफ येणं वेगळं, वेळेवर येणं वेगळं. माझा निळा झगा तिला घालू नकोस.

परत येणार नाही. थंडी आहे, कान झाकत जा.
छांगशुन

तिआनजिन, २० मार्च

ती. दादा,
नमस्कार, वि. वि.

झगा घातला. तिला शोभतो. मालकांनी फलकावर तिचं नाव माझ्या वर लिहिलंय.

शीसाहेबांना मीच चिठ्ठी धाडून बोलावलं होतं. काल ते पुढं बसले, आणि मी जाहीर केलं की या किटलीला तीन बायका नि सात पोरं, धाकटं दीड वर्षाचं. ते उठले. म्हणाले, त्याच बायका का? मी म्हटलं, त्याच. मग बराच वेळ किटलीकडे बघत राहिले. हळूहळू खांदे हलायला लागले आणि शेवटी हसता हसता टोपी चहात पडली.

तेवढ्यात कोळसे विझले. मी सगळ्यात मोठी थाप मारली आणि किटली गप्प! तर मागच्या खांबाआडून, अगदी मोक्यावर, 'अस्सं?' नाकारू नकोस. चहाघर डोक्यावर घेतलं लोकांनी, आणि तू पळालास.

शीसाहेब मात्र थांबले. लग्नाला अठरा एप्रिल ठरवून गेले. अट एकच घातलीय: कार्यक्रमात बायका तीनच ठेवायच्या, पण पहिली त्यांची मुलगी धरायची.

सोमवारी तुझी जागा रिकामी आहे. किटली मुकाट्यानं चहाला लागली. झगा अजून ओलसर आहे, तरी अंगात घालशील एवढा लोभ असू दे.
तुझा,
सानबाओ