विहीणबाईंना पीआर मिळाला

सासूबाई, विहीणबाईंना न्यूझीलंडचा पीआर मिळाला. म्हणजे त्या आता कायमच्या इथं, लेकीजवळ, माझ्या नातवाजवळ. मी मात्र व्हिजिटर. येत्या गुरुवारी परत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे बोलायचं कुणाशी?

झालं असं. मुलगा आणि सूनबाई, दोघांचा पगार मिळून एकाच आईला स्पॉन्सर करता येतं. मागच्या खेपेला जेवताना मुलानं विचारलं, "आई, तुझा अर्ज टाकू का?" मी म्हणलं, "नको रे बाबा, मला कशाला?" पहिल्यांदा असंच म्हणतात ना? लग्नानंतरच्या पहिल्या सणाला मी पानावर हात आडवा धरला, तर तुम्ही दोन पुरणपोळ्या हातावरच टाकल्या. "तुझ्या नकोला विचारतंय कोण? गप खा." रागच आला होता. पण भूक होती, ते तुम्हाला बरोबर कळलं. आणि हा? "ओके, स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'बरं, चालेल', आणि भात मागितला. मग विहीणबाईंना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. लाजल्यासुद्धा नाहीत.

आता मागच्या अंगणात त्यांची मेथी आहे, डॉक्टरकडं त्यांचं नाव लागलंय, मिसळणाचा डबासुद्धा त्यांच्या पद्धतीनं भरलेला. मी मोहरी शोधत बसते. नातू मला रोज विचारतो, "आजी, व्हेन आर यू गोइंग बॅक?" त्यांना नाही विचारत. आणि बाई स्वभावानं चांगल्या, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

रविवारी अवोन्डेलच्या बाजारात मी मुलाला सांगून टाकलं, "माझा पण अर्ज टाक." तो कोथिंबिरीची जुडी धरून उभाच राहिला. "आई, आता नाही गं बसत. दोघींना आमचं इन्कम नाही पुरत. तूच नको म्हणालीस ना?"

"मी म्हणाले. तू ऐकलंस कशाला?"

त्यानं जुडी पिशवीत टाकली. त्याला तरी काय बोलणार, इतकी वर्षं गेली त्याची इथल्या माणसांत. घरी आलो तर विहीणबाई म्हणतात, "पुढच्या वर्षी या हं. माझ्या खोलीत झोपू दोघी." माझ्या खोलीत! घर घेतलं तेव्हा फोनवर तीच खोली दाखवून मुलगा म्हणाला होता, "ही आईची." कुठल्या आईची, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारायचं काय त्यात.

तिकडं सोसायटीतल्या बायका विचारतीलच. सांगणार आहे, मलाच करमेना, थंडी सोसेना, मीच नको म्हणलं. पटेल त्यांना. हा तुम्हाला लिहिलेला कागद निघायच्या आधी फाडते. नातवाच्या हाती लागला तर काही नाही, पण विहीणबाईंना मराठी वाचता येतं.

मला राहायचं होतं हो.