तांब्यासुद्धा उचलायचा नाही

अण्णा, आई आता उंच स्टुलावर बसून भाकरी करते. तिच्या छातीचं ऑपरेशन झालं, त्याला महिना उलटून गेला. हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या माणसांना अंघोळ, स्वयंपाक, कपडे घालणं अशी रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं हीच माझी नोकरी आहे, परभणीच्या एका दवाखान्यात. दमायच्या आधी थांबायचं, जड उचलायचं नाही, पण पडूनही राहायचं नाही. आईला मी हेच शिकवते आहे. तुम्हालाही कुणीतरी हे सांगितलं होतं.

मला शाळेत घालण्याआधी तुम्हीच घरी पाटीवर अक्षरं गिरवून घेतलीत. खोटं बोललं की पाटी काढून घ्यायचात. म्हणून त्या दिवशी मला काही कळेना. तुमच्या पहिल्या झटक्यानंतर आपण सेलूहून रेल्वेनं परभणीला आलो होतो. आई कापसाच्या जिनिंगवर कामाला गेलेली, म्हणून पिशवी धरायला मी. डॉक्टर म्हणाले, "थोडे दिवस जपा. मग रोज फिरा, आपली कामं आपण करा. झोपून राहू नका." घरी शेजारीपाजारी जमले आणि तुम्ही बाजेवर पडल्या पडल्या सांगितलंत, "डॉक्टरनं तांब्यासुद्धा उचलायचा न्हाई म्हणलंय."

मी म्हणाले, "असं नव्हते म्हणाले, अण्णा."

"मी शिकवलं, आन् मलाच शिकवायलीस का?" सगळे हसले. आई हसली नाही. ती तुमचं अंघोळीचं पाणी काढायला उठली, आणि तुम्ही जाईपर्यंत रोज उठत राहिली. जिनिंगवरून यायची ती केसांत कापूस घेऊन, आणि तुम्ही बाजेवरून हाक मारायचात, "पाठ चोळ गं."

आज दवाखान्यात कुणी म्हणतो, "मॅडम, बायको करती की सगळं." मी त्याच्या बायकोला चहा प्यायला बाहेर पाठवते आणि तांब्या त्याच्या हातात देते. आवाज चढवत नाही. नाडी बघते, धाप बघते, नियम एकही मोडत नाही. पण समोर तुम्ही असता, आणि तुमचा हात थरथरला तरी मी तांब्या धरत नाही.

मागच्या आठवड्यात भाकरी थापता थापता आईनं विचारलं, "तुझ्या अण्णाला का गं असं कुणी शिकवलं न्हाई?" एवढी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते. आधी तिला नीट टेकून बसवलं, मनगट हातात घेतलं, आणि मग डॉक्टरांचा शब्द न् शब्द सांगितला. तिच्या मनातली तुमची उरलीसुरली माया काढून घ्यायची होती मला. तिची नाडी जराही वाढली नाही.

"भ्याले असतील," ती म्हणाली. "कळ आली की माणूस भेतंय. मीबी भ्याले."

"तू उठलीस की पण."

"तू कुठं निजू देतीस?" ती हसली. मग तव्याकडं बघत हळूच म्हणाली, "खरंच भ्याले असतील का गं?"

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिते. प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की तो आळशी नाही, घाबरलेला आहे. उत्तर मला तोंडपाठ होतं. मी आईला म्हणाले, "भाकरी उलट, करपायलीय."