तळावरची पळी

हॅमिल्टन, मोंटाना
१२ ऑक्टोबर १९७४

चि. ऑर्लिन यास सिग्नेताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

खेचरांवर सामान लादून बाबा, रुडीकाका आणि तू एल्क हरणांच्या शिकारीला वर गेलात आणि इथं घर एकदम गप्प झालं. एक मात्र बरं झालं, तुझी ती गॅसची चिमुकली शेगडी आणि वाळवलेल्या जेवणाच्या पुड्या माझ्या स्वयंपाकघरातून हलल्या. पुडीत उकळतं पाणी ओतायचं आणि त्याला जेवण म्हणायचं! आपल्या कुत्र्यापुढेसुद्धा मी असलं काही ठेवलं नसतं.

पण बोलणार काय, पळी तुझ्या हातात आहे. तळावर जो जेवणाला नाव ठेवेल त्यानंच पुढं रांधायचं, हा आईनं घालून दिलेला नियम. गेल्या वर्षी माझ्या कॉफीत अंड्याचं टरफल दिसलं म्हणून तू नाक मुरडलंस, मी तिथल्या तिथं पळी तुझ्या मांडीवर ठेवली. आता भोग! बाबांकडून शीक जरा. आई गेली त्या वर्षी मी बीन्सचा पार कोळसा केला होता, तरी ते निमूट जेवले आणि ताट पुढं करून अजून वाढायला सांगितलं. जन्मात त्यांनी कधी पळी हातात घेतली नाही, कारण कधी तक्रारच केली नाही.

आता मस्करी पुरे. डॉक्टरांनी सांगितलेलं तू ऐकलं आहेस. बाबांचं हृदय आता चढ सोसणार नाही. तळावर बसून हवा खातील तर ठीक, पण एल्कच्या मागं डोंगराच्या त्या खडकाळ धारेवर गेले तर परत यायचे नाहीत. गोड बोल, पाया पड, बूट लपव, काय वाटेल ते कर, पण त्यांना थांबव. खेचरवाला डेल खाली येईल त्याच्याबरोबर उत्तर पाठव.

लोभ आहे तेवढाच असू दे, जास्त मला पेलायचा नाही.

तुझी,
सिग्नेताई


तळ, नदीकाठ
१६ ऑक्टोबर

ती. सिग्नेताईस ऑर्लिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रुडीकाका इतके हसले की त्यांच्या दाढीतली तंबाखू माझ्या तव्यात पडली. जेवणाची चव त्यानं सुधारली, असं तेच म्हणाले. तू इथं नसलीस तरी तुझी जीभ पोचते बरं का!

तुला आनंद होईल अशी बातमी आधी देतो. गॅस थंडीनं गोठला. शेगडी नुसती फुसफुसते. आता गॅसची बाटली मी रात्री पांघरुणात घेऊन झोपतो. पुडीतला गोमांसाचा रस्सा इतक्या उंचीवर धड भिजत नाही, वाटाणे दाताखाली खड्यांसारखे लागतात. पण तक्रार करायची कुणाची हिंमत नाही, कारण मी पळी टेबलावर सगळ्यांना दिसेल अशीच ठेवतो. माझ्या काळ्या पाण्याला कॉफी म्हणत सगळे मुकाट पितात. बाबासुद्धा.

बाबांचं म्हणशील तर बोलून थकलो. बूट लपवले, तर मोजे घालूनच निघाले, शेवटी परत दिले. इतकी वर्षं धारेवर जातोय, आता बायकांसारखा तंबूत बसू का, असं रुडीकाकांना म्हणाले. (तुझ्या कानावर घालतोय, तुझं तू बघ.) बर्फ थांबलं की रविवारी पहाटे निघायचं म्हणतात. रात्री चालताना त्यांना धाप लागते, ती ते खोकल्याच्या नावावर खपवतात. मला भीती वाटते, ताई.

तुझा टोमण्यांनी भाजलेला,
ऑर्लिन


हॅमिल्टन
१८ ऑक्टोबर

चि. ऑर्लिन, आशीर्वाद.

बायकांसारखा तंबूत बसू का, म्हणे! त्या तंबूत बसणाऱ्या बायकांनीच यांना इतकी वर्षं जगवलं. असो. त्यांना आता शहाणपण सांगून उपयोग नाही, आणि तुला तर कधीच नव्हता.

निदान पोटात काहीतरी ऊन जाऊ दे. ती खेळण्यातली शेगडी फेक आणि तंबूतली पत्र्याची चूल पेटव. किटलीत पाणी उकळ. कॉफीच्या भुकटीत एक अंडं टरफलासकट चुरडून कालव, तो लगदा उकळत्या पाण्यात सोड, वर फेस आला की खाली उतरव आणि नदीचं गार पाणी शिंपड. सगळा चोथा तळाला बसतो. आईची कॉफी ती हीच, जिला तू नाक मुरडलंस. डेलबरोबर भुशात बांधून अंडी पाठवते आहे. फोडलीस तर तोंड दाखवू नकोस.

आणि रविवारी त्यांच्या मागं मागं तरी जा. मला रात्रभर झोप नाही.

रागावलेली,
सिग्नेताई


तळ
२१ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

माझा असा अपमान आजवर कुणी केला नाही! तुझ्या सांगण्याबरहुकूम रविवारी पहाटे कॉफी केली. सोन्यासारखी झाली गं. रुडीकाकांनी तिसरा कप मागितला आणि आईचं नाव काढलं. आणि बाबांनी? बंदूक खांद्याला, बूट चढवलेले, एक घोट घेतला आणि सगळ्यांदेखत जमिनीवर थुंकले. भांडी विसळल्याचं पाणी याहून बरं लागेल, म्हणाले!

आठवडाभर माझी गटारगंगा गप गिळली आणि चांगल्या कॉफीला नाव ठेवलं. वय झालं की जीभ जाते म्हणायची. मीही चिडलो, पळी त्यांच्यापुढं आपटली. नियम म्हणजे नियम. त्यांनी बंदूक खुंटीला टांगली, बाह्या सारल्या आणि म्हणाले की आता माझा नाइलाज आहे, चूल सोडून आचाऱ्याला कुठं जाता येतं? आम्हालाच वर पिटाळलं. तेव्हापासून तंबूत बसून सगळ्यांवर खेकसतात. पॅनकेक आतून कच्चे, बाहेरून काळे. सांग, पळी परत मागू का?

तुझा अपमानित,
ऑर्लिन


हॅमिल्टन
२३ ऑक्टोबर

चि. ऑर्लिन, आशीर्वाद.

गाढवा, जीभ त्यांची नाही गेली, डोकं तुझं गेलंय.

ती धार आता आपल्याला झेपत नाही, हे तुझ्याआधी त्यांना कळलं होतं. पण रुडीकाकांसमोर तसं म्हणायचं कसं? पळी हातात पडायची वाट बघत होते बिचारे. तुझ्या काळ्या पाण्याला नाव ठेवलं असतं तर तू खरंच दुखावला असतास. कॉफी चांगली झाली तेव्हाच त्यांना ती थुंकता आली. तुझं पत्र वाचून मी टेबलावर डोकं ठेवून रडले, हे कुणाला सांगू नकोस.

पळी मागायची नाही. पॅनकेक कच्चे असले तरी गिळा. रुडीकाकांनाही बजाव, तोंड वाकडं करायचं नाही.

मी डेलच्या पुढच्या फेरीबरोबर वर येते आहे. बाबांच्या हातचं जेवीन आणि ताट पुढं करून अजून वाढायला सांगेन.

तुझी,
सिग्नेताई